प्रारूप विकास आराखड्यावर हरकत कशी घ्यावी: नोटिशीपासून सुनावणीनंतरपर्यंत

गावाचा किंवा शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे घरं हे ठरवणारा कच्चा आराखडा, प्रसिद्ध झाला की पहिले पंधरा दिवस कुणाला पत्ता नसतो. पुढचे दहा दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशाचे अर्धवट फोटो फिरतात आणि शेवटच्या पाच दिवसांत आवक विभागासमोर रांग लागते. रांगेतल्या बहुतेकांच्या हातात एकच झेरॉक्स असते: "आमच्या भागावर अन्याय झाला आहे, तरी सदर आराखडा रद्द करावा." पत्र आवकला लागतं, क्रमांक पडतो, सुनावणीचं बोलावणंही येतं. शेवटी हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीच्या अहवालात त्यापुढे लिहिलेलं सापडतं, "हरकत मोघम स्वरूपाची आहे, सबब मान्य करता येत नाही."

लोकांचं म्हणणं खरं असतं आणि तरीही ते असं वाया जातं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. शक्य असेल तर कुठल्याही नियोजन समितीचा जुना अहवाल मिळवून चाळा. तो मुख्यतः तक्त्यांचा असतो: अनुक्रमांक, हरकतदाराचं नाव, जागेचा गट किंवा सर्व्हे नंबर, हरकतीचा सारांश, समितीची शिफारस. एका हरकतीला जेमतेम चार-पाच ओळी मिळतात. तुमची दहा पानांची कैफियत कुणीतरी कारकून त्या रकान्यात बसवणार आहे. काय बसवायचं हे त्याने ठरवण्याऐवजी तुम्ही ठरवून द्या. पुढचे सगळे टप्पे त्या रकान्यासाठी आहेत.

## टप्पा १: नोटीस कोणत्या कलमाखालची आहे ते वाचा

महाराष्ट्रात हे सगळं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली चालतं. वर्तमानपत्रातली नोटीस दिसायला सारखीच असते, पण तिच्या पहिल्या दोन ओळींत कलम लिहिलेलं असतं आणि त्यावर तुम्ही काय मागू शकता ते ठरतं.

कलम २३ ची नोटीस म्हणजे आराखडा तयार करण्याचा इरादा. या वेळी नकाशा आलेलाच नसतो, त्यामुळे आरक्षणावर (शाळा, बाग, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेवर) बोलून उपयोग नाही. इथे हद्दीविषयी बोला.

कलम २६ ची नोटीस म्हणजे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. रस्ते, आरक्षणं, झोन (रहिवास, शेती असे जमीन वापराचे विभाग), सगळं उघडं. खरी हरकत इथेच घ्यायची असते.

कलम ३१ ची नोटीस शासनाकडून येते. आराखडा मंजूर करताना शासनाला काही सारभूत, म्हणजे मोठे, बदल करायचे असतील तर तेवढ्याच बदलांवर हरकती मागवतात.

कलम ३७ ची नोटीस म्हणजे मंजूर आराखड्यातला एखादा फेरबदल. एखाद्या खेळाच्या मैदानाचं आरक्षण उठवून जागा रहिवासी करायची, अशा गोष्टी इथून जातात. नोटीस इतकी लहान असते की शेजारच्या निविदांच्या जाहिरातींत हरवून जाते. मैदान गेल्यावर लोक जागे होतात, तेव्हा महिन्याची मुदत केव्हाच संपलेली असते. तुमच्या भागातली आरक्षणं टिकावीत असं वाटत असेल, तर स्थानिक वर्तमानपत्रातली नगररचनेची नोटीस रोज पाहण्याचं काम आळीतल्या एका माणसाकडे कायमचं सोपवा.

या लेखात पुढे कलम २६ धरून चाललो आहे, कारण सर्वात जास्त चुका तिथे होतात.

मुदतीबद्दल इशारा. मुदत साधारण ३० दिवसांची असते, मोठ्या महापालिकांत ६० दिवसांची. नोटिशीत जे लिहिलंय तेच धरा. दिवस राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजतात, तुम्ही वर्तमानपत्र वाचलं त्या दिवसापासून नव्हे. नोटिशीचं कात्रण तारखेसकट जपून ठेवा. "मुदतवाढ मिळणार आहे" हे दर वेळी कुणीतरी सांगतंच. कधी मिळतेही. तिच्यावर विसंबून बसू नका.

तपासून घ्या: कलम कोणतं, शेवटचा दिवस कोणता, त्या दिवशी सुट्टी आहे का, अर्ज कुणाच्या नावे (महापालिका असेल तर आयुक्त, नगरपरिषद असेल तर मुख्याधिकारी) आणि कुठे द्यायचा.

## टप्पा २: कागद मिळवा, आणि दोन्ही नकाशे मिळवा

प्रस्तावित जमीन वापराचा रंगीत नकाशा सगळे बघतात. त्याच्याइतकाच महत्त्वाचा विद्यमान जमीन वापराचा नकाशा फारसा कुणी मागत नाही. आराखडा बनवण्याआधी कोणत्या जागेवर आज काय आहे याचं सर्वेक्षण करून तो केलेला असतो, आणि प्रारूप आराखड्याबरोबर तो पाहायला ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आरक्षण चुकीच्या जागी पडण्याचं मूळ अनेकदा याच नकाशात सापडतं. तुमची वीस वर्षांची परवानगी असलेली इमारत तिथे मोकळी जागा म्हणून रंगवलेली असते, मग प्रस्तावित नकाशात तिथे बाग पडते. बाग का टाकली यावर वाद घालत बसण्यापेक्षा मुळातली नोंद चुकली हे दाखवणं कितीतरी सोपं.

मागायचे कागद असे: दोन्ही नकाशांच्या तुमच्या भागाच्या शीट (मोठा नकाशा ज्या तुकड्यांत छापतात ते कागद), त्यांना लागून असलेल्या चारही बाजूंच्या शीट, आराखड्याचा अहवाल, आरक्षणांची यादी आणि लागू असलेली विकास नियंत्रण नियमावली. नकाशे कार्यालयात विनाशुल्क पाहता येतात, प्रती शुल्क भरून मिळतात. वेबसाइटवरची पीडीएफ फाइल पाहायला चांगली, पण तिच्यावर मोजमाप करू नका. छापताना ती कागदात बसवण्यासाठी आपोआप लहान-मोठी होते आणि प्रमाण बिघडतं. तुमच्या गटापुरता भाग नकाशा मागा, त्यावर कार्यालयाचा शिक्का असतो.

स्वतःच्या बाजूचे कागद: ताजा सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, गाव नकाशा, मोजणी झाली असेल तर मोजणीचा नकाशा, बांधकाम परवानगी, मंजूर लेआउट, बिनशेती आदेश. मोजणी झालेली नसेल तर आता अर्ज करून ती मुदतीत हातात येईल या भरवशावर राहू नका. आहे त्या कागदांवर हरकत द्या. मोजणीचा अर्ज केल्याची पावती जोडा आणि नकाशा सुनावणीच्या वेळी सादर करू असं लिहा.

## टप्पा ३: आपली जागा नकाशावर नेमकी शोधा

चुकीच्या गटावर हरकत घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. गट फोडून पोटहिस्से पडलेले असतात आणि आराखड्याच्या नकाशावर जुनाच गट दाखवलेला असतो. महाभूनकाशावर (शासनाच्या ऑनलाइन जमीन नकाशावर) आपल्या गटाचा आकार पाहा, शेजारच्या चार गटांचे नंबर लिहून घ्या आणि तीच रचना आराखड्याच्या शीटवर शोधा. ओढा, जुना रस्ता, देऊळ, विहीर अशा न हलणाऱ्या खुणा धरून चाला.

मग प्रमाण पाहा. शीट १:४००० ची असेल तर कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ४ मीटर. १२ मीटरचा रस्ता तिथे ३ मिलिमीटरचा दिसतो. रेघेचीच जाडी अर्धा मिलिमीटर असेल तर ती एकटी २ मीटर खाते. म्हणून "रस्त्याने माझी दीड मीटरची भिंत जाते" असं नकाशावरून छातीठोकपणे लिहू नका. "रस्त्याची आखणी माझ्या इमारतीवरून किंवा तिच्या अगदी लगत जात असल्याचं दिसतं, जागेवर आखणी करून खात्री करावी" असं लिहा.

क्षेत्राच्या एककांवरही घोटाळे होतात. सात-बारावर ०.४० असेल तर ते ४० आर, म्हणजे ४,००० चौरस मीटर. बोलताना आपण आर आणि गुंठा एकच धरतो. गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, आर १०० चा. फरक थोडा आहे, पण हरकतीत आणि उताऱ्यात वेगवेगळे आकडे आले की कारकुनाला शंका घ्यायला जागा मिळते. सगळं चौरस मीटरमध्ये लिहा.

आता शेजारच्या शीट. इथे वेळ द्या. एका ठिकाणी आम्ही दोन शीट जमिनीवर अंथरून कडेला कड लावली. वरच्या शीटवर गावठाणाकडून येणारा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता १२ मीटरचा होता. खालच्या शीटवर तोच रस्ता ९ मीटरचा सुरू होत होता, तोही वीस-पंचवीस मीटर पूर्वेला सरकून. मधल्या सांध्यावर एका शेतकऱ्याची विहीर आणि पंपघर. तोवर त्या माणसाने आपल्या हरकतीत "माझी विहीर वाचवा" एवढंच लिहिलं होतं. तो कागद आम्ही फाडला. नव्या कागदावर लिहिलं: अमुक शीट आणि तमुक शीट यांच्या सांध्यावर रस्त्याची रुंदी आणि आखणी जुळत नाही. ती जुळवताना रस्ता खालच्या शीटवरील आखणीप्रमाणे पूर्वेकडून घ्यावा, म्हणजे गट क्रमांक अमुकमधील विद्यमान विहीर बाधित होणार नाही. विहीर तीच, मागणीही तीच, पण आता ती नकाशाच्या दुरुस्तीची मागणी झाली होती.

तपासून घ्या: नकाशावरची रंगसूची वाचली का? आरक्षण क्रमांक, प्रयोजन आणि क्षेत्र यादीत आणि नकाशात सारखंच आहे का? नसेल तर तो फरक हाच हरकतीचा पहिला मुद्दा.

## टप्पा ४: जागेवर जा

कार्यालयातून थेट टंकलेखकाकडे जाऊ नका. नकाशाची प्रत घेऊन जागेवर उभे राहा. प्रस्तावित रस्त्याच्या दोन्ही टोकांना चालत जा. पावसाळ्यात पाणी कुठून वाहतं ते जुन्या माणसांना विचारा. तारीख आणि ठिकाण दिसेल असे फोटो काढा: इमारत, झाडं, ओढा, विहीर, वापरातली पायवाट. प्रत्येक फोटो कुठून कोणत्या दिशेने काढला ते नकाशाच्या प्रतीवर बाण काढून दाखवा. फोटो सहा पुरेत. साठ फोटो कुणी बघत नाही.

## टप्पा ५: नेमकं काय हवं ते एका क्रियापदात ठरवा

बहुतेक हरकती इथेच मोडतात. लेखणी हातात घेण्याआधी ठरवा की नकाशात काय व्हायला हवं. पर्याय थोडेच आहेत. आरक्षण वगळावे. क्षेत्र कमी करावे. अमुक गटात स्थलांतरित करावे. रस्त्याची आखणी बदलावी. झोन बदलावा. किंवा आहे ते कायम ठेवावे.

शेवटचं क्रियापद लोक विसरतात, आणि त्याची किंमत गावाला मोजावी लागते. तुमच्या वस्तीजवळ मैदानाचं चांगलं आरक्षण पडलं आहे. तुम्ही खूश होऊन घरी बसता. जमीनमालक वकील लावून व्यवस्थित हरकत घेतो: वगळावे. समितीसमोर त्या आरक्षणावर एकच कागद असतो, त्याचा. मैदान हवं असणाऱ्या चारशे घरांपैकी एकाचाही कागद नाही. मग समितीला दोन बाजू दिसणार कशा? कायदा "हरकती व सूचना" असं दोन्ही म्हणतो. जे चांगलं आहे ते कायम ठेवावं, ही सूचनाच आहे. ती लेखी द्या, कारणांसह द्या: जवळचं मैदान किती अंतरावर, परिसरात किती शाळा, मधे कोणता हमरस्ता ओलांडावा लागतो.

हरकत घ्यायला जमिनीची मालकी लागत नाही. भाडेकरू, दुकानदार, शाळेतल्या मुलांचे पालक, कुणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो.

आता कारणं. समितीला वजनदार वाटणारी कारणं साधारण अशी:

- विद्यमान नकाशातली चूक: परवानगी असलेली इमारत, विहीर, स्मशानभूमी, वहिवाटीचा रस्ता दाखवलेला नाही.
- आधीची मंजुरी: लेआउट किंवा बांधकाम परवानगी इरादा जाहीर होण्यापूर्वीची आहे.
- जागेची स्थिती: ओढा, पूररेषा, तीव्र उतार, उच्चदाब वाहिनी.
- रचनेतली विसंगती: रस्ता पुढे जुळत नाही, आरक्षणाला पोहोचरस्ता नाही, तीच सुविधा शंभर मीटरवर आधीच आहे.
- जवळची शासकीय किंवा पालिकेचीच जागा मोकळी असताना लहान खातेदाराची जमीन घेतली आहे.

"आमची एवढीच जमीन आहे" हे कारण माणूस म्हणून मला पटतं. समितीचा सदस्यही हळहळतो. पण एकट्या त्या कारणावर आरक्षण हलत नाही. ते लिहा, जरूर लिहा, पण वरच्यापैकी एका कारणाच्या खाली लिहा. आणि मोबदल्याचा मुद्दा या पत्रात मुख्य करू नका. भूसंपादन, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा हस्तांतरणीय विकास हक्क) वगैरे कलम १२६ खाली नंतर येतं. "योग्य मोबदला मिळाला तर हरकत नाही" असं एक वाक्य पत्रात गेलं की तुमची हरकत तिथेच विरते. मी हे वाक्य अनेकांच्या मसुद्यातून हाताने खोडलं आहे.

वगळा म्हणताना पर्याय सुचवा. पर्यायी गट सुचवताना तो शेजाऱ्याच्या बोडक्यावर ढकलू नका. सरकारी गायरान, पालिकेची जागा, संपादित झालेली पण वापरात नसलेली जागा आधी शोधा.

## टप्पा ६: लिहा, दोन पानांत

एका पत्रात एकच विषय. रस्त्यावर हरकत आणि आरक्षणावर हरकत असेल तर दोन पत्रं, दोन आवक क्रमांक. एकत्र लिहिलं की एकावर निर्णय होतो आणि दुसरा विषय तसाच राहतो.

मांडणी अशी ठेवा. वरती विषय: "शहराच्या प्रारूप विकास आराखड्यातील आरक्षण क्र. अमुक (प्राथमिक शाळा), गट क्र. अमुक, शीट क्र. अमुक याबाबत कलम २६ अन्वये हरकत." त्याखाली नोटिशीची तारीख आणि राजपत्राचा संदर्भ. त्यानंतर लगेच, पहिल्याच परिच्छेदात, मागणी. ती रकान्यात उतरेल अशी असावी. नमुना म्हणून:

"गट क्र. अमुक मधील २,१०० चौ.मी. क्षेत्रावर प्रस्तावित केलेले आरक्षण क्र. अमुक हे वगळून सदर जागा रहिवास विभागात समाविष्ट करावी व उक्त आरक्षण लगतच्या गट क्र. तमुक या शासकीय मालकीच्या मोकळ्या जागेत स्थलांतरित करावे."

एवढं झालं की खाली क्रमांक घालून कारणं. प्रत्येक कारणाला एक जोडपत्र. "जोडपत्र ३ पाहावे" असं तिथल्या तिथे लिहा. कारणं पाचच्या वर नेऊ नका आणि सर्वात भक्कम कारण पहिलं ठेवा. अखेरीस न चुकता एक ओळ: "मला नियोजन समितीसमोर प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी व त्या वेळी अधिक कागदपत्रे सादर करण्याची मुभा असावी." त्याखाली पूर्ण नाव, सही, मोबाइल क्रमांक आणि पत्र हमखास पोहोचेल असा पत्ता.

पत्त्याबद्दल माझा अनुभव कडू आहे. आम्ही एका वसाहतीची हरकत दिली तेव्हा जुन्या लेटरहेडवरचा, विकासकाच्या बंद पडलेल्या कार्यालयाचा पत्ता तसाच राहिला. सुनावणीचं पत्र तिथे गेलं. आमच्या हातात पडलं तेव्हा तारीख उलटून दोन दिवस झाले होते. अहवालात नोंद झाली: "हरकतदार अनुपस्थित." तीन महिन्यांची मेहनत त्या दोन शब्दांवर गेली, आणि वसाहतीतल्या म्हाताऱ्या माणसांना ते समजावून सांगताना मला शब्द सापडेनात.

सामूहिक हरकतीबद्दल. शंभर जणांनी एकाच मजकुराच्या शंभर प्रती दिल्या की संख्या फुगते, विचार मात्र एकाच मुद्द्याचा होतो आणि सुनावणीही गटाने होते. संख्येला अर्थ नाही असं मी म्हणत नाही. २०१५ साली मुंबईच्या प्रारूप आराखड्यावर हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये शासनाने तो आराखडा नव्याने करायला लावला. पण तिथे संख्येबरोबर नेमक्या चुकाही बोट ठेवून दाखवल्या गेल्या होत्या. सुधारित प्रारूप २०१६ च्या मे महिन्यात आलं. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ८० हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. एवढ्या ढिगात मोघम कागदाचं काय होत असेल ते समजून घ्या. म्हणून असं करा: एक भक्कम मुख्य हरकत, सगळ्यांच्या सह्यांची, आणि तिच्याबरोबर आठ-दहा वेगळ्या हरकती, प्रत्येकीत त्या घरापुरता वेगळा तपशील.

## टप्पा ७: दाखल करा आणि पोच घ्या

तीन प्रती काढा. एक कार्यालयाला, एक पोच घेऊन स्वतःला, एक सुनावणीच्या फाइलला. पोच म्हणजे गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही. नुसता शिक्का चालत नाही. जोडपत्रं किती दिली ते पहिल्या पानावर लिहा ("सोबत: एकूण ७ जोडपत्रे, १९ पाने") म्हणजे नंतर कागद गहाळ झाला तर बोलता येतं.

नोटिशीत ई-मेल किंवा ऑनलाइन सोय दिली असेल तर ती वापरा, पण शक्य असेल तिथे कागदही द्या. ज्या पत्त्यावर पाठवायचं तो नोटिशीतलाच हवा. नगरसेवकांच्या कार्यालयात दिलेला अर्ज म्हणजे हरकत दाखल नव्हे, आमदारांना दिलेलं निवेदनही नव्हे. शेवटचे दोन दिवस टाळा.

इशारा. आराखडा अजून प्रारूप आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बांधकाम परवानगी देताना कलम ४६ नुसार प्रारूप आराखड्यातल्या तरतुदींचा विचार करावाच लागतो. त्यामुळे "मंजूर होईपर्यंत बांधून घेऊ" हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका.

## टप्पा ८: सुनावणीची तयारी

महापालिकेच्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाच्या बाजूने नेमलेले, नगररचना किंवा पर्यावरणाची जाण असलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात. लेखी हरकत देणाऱ्याला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावी असं कलम २८ सांगतं. हरकत दिली नसेल तर इथे हक्काने बोलता येत नाही. "सुनावणीलाच जाऊन सांगू" म्हणणाऱ्यांची फसगत इथे होते.

मुदत संपल्यावर दर आठवड्याला पालिकेची वेबसाइट आणि नगररचना विभागाचा सूचनाफलक पाहा. पत्राची वाट बघत बसू नका.

वेळ फार थोडा मिळतो. मोठ्या शहरात तीन ते पाच मिनिटं धरून चला. मी बसलेल्या एका सुनावणीत एक आजी आल्या होत्या, कापडी पिशवीत तीन पिढ्यांचे उतारे घेऊन. त्यांनी जमीन कशी मिळाली तिथून सुरुवात केली, सासऱ्यांच्या नावाच्या नोंदीपर्यंत आल्या आणि घंटा वाजली. समितीतले एक सदस्य कळवळून विचारत होते, "आजी, नकाशात काय बदलू ते सांगा." ते सांगायला वेळ उरला नव्हता, आणि पिशवीतला सर्वात कामाचा कागद, १९९० च्या दशकातला बिनशेती आदेश, बाहेर आलाच नाही.

म्हणून क्रम ठरवून घ्या. पहिलं वाक्य: माझी हरकत क्रमांक अमुक, गट अमुक. दुसरं वाक्य: मागणी, पत्रात आहे त्याच शब्दांत. मग टेबलावर एक मोठा कागद ठेवा, आराखड्याचा भाग नकाशा, त्यावर आपली जागा लाल रेघेने घेरलेली आणि सुचवलेला पर्याय निळ्या रेघेने. मग दोन भक्कम कारणं. उरलेला वेळ प्रश्नांना. घरी घड्याळ लावून दोनदा बोलून पाहा. गटाने जाणार असाल तर एकच जण बोलेल हे आधीच ठरवा. सगळे एकदम बोलले की काही लिहून घेतलं जात नाही.

अधिकाऱ्यांवर आरोप करू नका. कुणाच्या सांगण्यावरून रेघ हलली असा संशय असेल आणि पुरावा असेल तर त्याची वेगळी तक्रार करा. इथे रेघ चूक का आहे एवढंच बोला.

निघण्यापूर्वी एक पानाचा लेखी सारांश द्या आणि त्याचीही पोच घ्या. हजेरीपटावर सही केली का ते पाहा.

तपासून घ्या: लेखी हरकतीत नसलेली नवी मागणी तोंडी करू नका. नवा पुरावा चालतो, नवा विषय अडचणीत येतो.

## टप्पा ९: सुनावणीनंतर

समिती अहवाल देते, नियोजन प्राधिकरण (म्हणजे आराखडा करणारी पालिका) तो विचारात घेऊन कलम २८(४) खाली बदल करतं आणि आराखडा बदलांसह प्रसिद्ध करून कलम ३० खाली शासनाला पाठवतं. लोकांचं लक्ष नेमकं इथे सुटतं. समितीने मान्य केलेली मागणी पुढे बदलू शकते. न मागितलेला बदलही होऊ शकतो. बदलांची यादी आली की तीत आपला गट शोधा, आणि शेजारचे गटही.

आपल्या हरकतीवर समितीने काय लिहिलं ते मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. अर्ज एका विषयाचा, दीडशे शब्दांच्या आत, १० रुपये शुल्क. मागायचं एवढंच: "हरकत आवक क्र. अमुक, दि. अमुक, यावरील नियोजन समितीच्या शिफारशीची व प्राधिकरणाच्या निर्णयाची प्रत." कारण विचारू नका, प्रत मागा.

हरकत फेटाळली असेल तर सगळ्या पोचपावत्यांसह तेच म्हणणं नगरविकास विभागाकडे आणि नगररचना संचालनालयाकडे लेखी पाठवा, पण त्या वेळी समितीच्या नकाराच्या कारणाला उत्तर द्या. जुनं पत्र जसंच्या तसं पाठवलं तर पुन्हा तेच उत्तर येतं.

शासन आराखडा मंजूर करताना काही भाग बाजूला ठेवतं. ते वगळलेले भाग "ईपी" आणि सारभूत बदल "एसएम" अशा क्रमांकांनी ओळखले जातात. त्यांची वेगळी अनुसूची निघते, त्यावर कलम ३१ खाली पुन्हा एक महिन्याची मुदत आणि पुन्हा सुनावणी. आधी हरकत घेतली होती म्हणून ती आपोआप इथे धरली जाते असं समजू नका. अनुसूचीत तुमचा गट असेल तर ईपी क्रमांक घालून नवं पत्र लिहा, जुना आवक क्रमांक संदर्भात घाला आणि टप्पा ७ पासून पुन्हा सुरू करा. अंतिम नकाशा राजपत्रात आल्यावर झोन दाखला आणि शिक्क्याचा भाग नकाशा काढून, मागणीत लिहिलेले चौरस मीटर त्यात उतरले आहेत का ते मोजून पाहा.